पीसीएम १८०८ मॉड्यूल: सेटिंग नसलेल्या एडीसीचं सेटिंग

काही शे रुपयांत मिळणारं पीसीएम १८०८ चं, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या एडीसी चिपचं, छोटं बोर्ड आणलं, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला जोडलं आणि आवाज आला. पण मोठ्या स्वरावर तो फाटतो, मागे बारीक शिट्टी ऐकू येते, आणि निष्कर्ष निघतो की चिप नकली आहे. बाजारात नकली माल असतो हे खरंच आहे, पण या दोन तक्रारींचं कारण बहुतेक वेळा चिपच्या बाहेर सापडतं. चिपला जे दिलं, तेच तिने आकड्यांत उतरवलेलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ही चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, म्हणजे टीआयची. २००० साली टीआयने बर-ब्राउन ही कंपनी घेतली, तिच्या ऑडिओ घराण्यातली ही एक साधी, स्टिरिओ, १४ पायांची एडीसी. २४ बिट, ८ ते ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, डायनॅमिक रेंज ९९ डेसिबल, विकृती आणि नॉइज मिळून उणे ९३ डेसिबल. २४ बिटांचा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही. ९९ डेसिबल म्हणजे साधारण १६ बिटांएवढी खरी माहिती, खालचे ८ बिट नॉइजचेच असतात. पण जुन्या कॅसेटी डिजिटल करायला, हार्मोनियम-तबल्याचं घरगुती रेकॉर्डिंग मिक्सरमधून घ्यायला किंवा स्पीकरसाठी डीएसपी क्रॉसओव्हर बनवायला एवढं भरपूर आहे. कॅसेटचा स्वतःचाच सूंऽऽ आवाज या चिपच्या नॉइजपेक्षा कितीतरी वर असतो.

या चिपमध्ये रजिस्टर नाहीत, प्रोसेसरकडून हुकूम घेणारी आयटूसी नाही, गेन बदलायची सोय नाही. तीन पाय ३.३ व्होल्टला किंवा ग्राउंडला जोडून क्लॉकचा प्रकार आणि डेटाचा फॉरमॅट ठरतो, बस्स. इनपुटला किती व्होल्ट चालतील आणि कुठपर्यंतची फ्रिक्वेन्सी आत जाईल, हे सगळं इनपुट पिनच्या आधी सोल्डर केलेल्या चार-पाच सुट्या भागांवर ठरतं. म्हणून इथे चिपपेक्षा त्या भागांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

लेव्हल: ३ व्होल्टचं माप

फुल स्केल म्हणजे ज्याच्या पुढे आकडे संपतात ती लेव्हल. पीसीएम १८०८ मध्ये ती व्हीसीसीच्या, म्हणजे चिपच्या ॲनालॉग भागाला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या, ०.६ पट असते. व्हीसीसी ५ व्होल्ट असेल तर ३ व्होल्ट शिखर ते शिखर, म्हणजे १.०६ व्होल्ट आरएमएस. कॅसेट डेकचा लाइन आउट अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, तो थेट चालतो. अर्धा व्होल्ट आरएमएस म्हणजे उणे ६.५ डेसिबल, वर पुरेशी जागा राहते. सीडी प्लेयर मात्र पूर्ण आवाजाला २ व्होल्ट आरएमएस देतो. म्हणजे साडेपाच डेसिबल जास्त, आणि आवाज फाटणारच.

इथे आकड्यांकडे जरा नीट पाहू. चिपच्या आत इनपुट पिन व्हीसीसीच्या निम्म्यावर, म्हणजे अडीच व्होल्टवर टेकलेली असते. २ व्होल्ट आरएमएसचं शिखर २.८३ व्होल्ट. म्हणजे पिन वर ५.३३ व्होल्टपर्यंत आणि खाली उणे ०.३३ व्होल्टपर्यंत जाते. पिनची कमाल मर्यादा व्हीसीसीच्या वर ०.३ आणि ग्राउंडच्या खाली ०.३ व्होल्ट एवढीच आहे. तेव्हा सीडी प्लेयर थेट जोडणं हा नुसता क्लिपिंगचा प्रश्न राहत नाही, पिनच्या आतले संरक्षक डायोडही चालू व्हायला लागतात.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक चॅनलला लेव्हल उतरवणारे दोन रेझिस्टर, म्हणजे पॅड: सिग्नलच्या वाटेत १० किलोओम, आणि त्याच्या पुढच्या टोकाकडून ग्राउंडला १० किलोओम. हिशेब करताना चिपचा स्वतःचा इनपुट इम्पीडन्स ६० किलोओम आहे हे विसरू नका. तो खालच्या १० किलोओमला समांतर येतो आणि ८.५७ किलोओम होतात. गुणोत्तर ०.४६. सीडीचे २ व्होल्ट पिनवर ०.९२ व्होल्ट होऊन पोचतात, फुल स्केलच्या १.२ डेसिबल खाली. बरोब्बर हवी तेवढी जागा. सीडी प्लेयरला दिसणारा भार साडेअठरा किलोओमच्या आसपास, तो कुठलंही नीट बनवलेलं यंत्र सहज पेलतं. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. कार्बनचे ५ टक्केवाले घेतले तर डावा-उजवा चॅनल पाऊण-एक डेसिबलनेही वेगळा निघू शकतो आणि गायकाचा आवाज मधोमध बसत नाही.

‘एवढे मोठे रेझिस्टर घातले तर नॉइज वाढेल’ ही शंका नेहमी येते. या जोडणीत पिनला दिसणारा रेझिस्टन्स ४.६ किलोओम. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा उष्णतेचा नॉइज १.२ मायक्रोव्होल्ट. चिपचा स्वतःचा नॉइज सुमारे १२ मायक्रोव्होल्ट. दहापट फरक आहे, काही बिघडत नाही.

वाटेतल्या १० किलोओमचा दुसरा फायदा संरक्षणाचा. बोर्डाची वीज बंद आणि सीडी प्लेयर चालू असला तर सिग्नल पिनमधून शिरून चिपला अर्धवट जागं ठेवतो. १० किलोओममुळे तो प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात राहतो. दोनऐवजी एक पोटेन्शिओमीटर लावायचा मोह होतो, पण स्वस्त स्टिरिओ पॉटचे दोन ट्रॅक एकसारखे चालत नाहीत, शिवाय पॉट फिरवला की पुढच्या फिल्टरची कटऑफही, म्हणजे जिथून अडवणूक सुरू होते ती फ्रिक्वेन्सी, हलते. लेव्हल एकदाच ठरवायची असेल तर पक्के रेझिस्टरच बरे.

एक कडक सूचना. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घ्यायचा असेल तर आधी तो ॲम्प ब्रिज प्रकारचा आहे का ते बघा. गाडीतले आणि हल्लीचे क्लास-डी ॲम्प बहुधा तसेच असतात. त्यांच्या उणे टर्मिनललाही व्होल्टेज असतं. ते एडीसीच्या ग्राउंडला जोडलं की ॲम्प जळू शकतो.

कपलिंग कपॅसिटर

पिन अडीच व्होल्टवर असल्यामुळे पॅड आणि पिन यांच्या मध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर लागतोच. काही मॉड्यूलवर तो आधीच असतो, काहींवर नसतो. तपासायला मल्टिमीटर पुरे: इनपुटला काहीही न जोडता बोर्ड चालू करा आणि इनपुट टर्मिनलवर डीसी मोजा. मीटर लावल्यावर काही सेकंदांत आकडा शून्याकडे गेला तर कपॅसिटर आहे. अडीच व्होल्टवर स्थिर राहिला तर नाही, तो तुम्हाला लावायचा आहे. इलेक्ट्रोलिटिक लावत असाल तर अधिक टोक चिपकडे. उलटा लावलेला लगेच फुटत नाही, पण हळूहळू गळायला लागतो आणि काही महिन्यांनी खर्रखर्र सुरू होते.

किती मायक्रोफॅरडचा? १ मायक्रोफॅरड आणि ६० किलोओम मिळून कटऑफ २.७ हर्ट्झ. कागदावर छान दिसतं. पण २० हर्ट्झला त्या कपॅसिटरचा इम्पीडन्स ८ किलोओम होतो, म्हणजे सिग्नलचा आठवा हिस्सा कपॅसिटरवरच पडतो. हा कपॅसिटर एक्स७आर सिरॅमिक असेल तर तिथेच घोळ होतो. या सिरॅमिकची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते, त्यामुळे बायाँच्या घुमाऱ्यात आणि तानपुऱ्याच्या खर्जात चिपच्या नावावर न बसणारी विकृती शिरते. शिवाय बोर्डावर टिचकी मारली तर रेकॉर्डिंगमध्ये टक ऐकू येतं. या सिरॅमिकवर दाब आला की ते स्वतःच व्होल्टेज तयार करतं. तुमच्या बोर्डावर तपकिरी सिरॅमिक असेल तर काढा आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म किंवा ४.७ मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावा. ४.७ ने कटऑफ अर्ध्या हर्ट्झवर जातो आणि कपॅसिटरवर पडणारं व्होल्टेज इतकं कमी होतं की इलेक्ट्रोलिटिकची विकृती मोजायलाही कठीण.

त्याहून मोठा, म्हणजे ४७ किंवा १००, लावून काही मिळत नाही. बोर्ड चालू केल्यावर तो भरायला काही सेकंद घेतो आणि तोवर सिग्नल एका बाजूला झुकलेला राहतो. चिपमध्ये डीसी काढणारा डिजिटल हायपास आहेच, ४८ किलोहर्ट्झला ०.९१ हर्ट्झचा. तो बंद करता येत नाही. सेन्सरचं हळू बदलणारं व्होल्टेज मोजायला कोणी ही चिप वापरू पाहत असेल तर ते इथेच सोडून द्यावं.

फिल्टर: खरं काम इथे आहे

ही चिप आवाज सॅम्पल रेटच्या ६४ पट वेगाने मोजते आणि मग आतल्या डिजिटल फिल्टरने तो वेग उतरवते. ४८ किलोहर्ट्झला आतली मोजणी ३.०७२ मेगाहर्ट्झने चालते. म्हणून बाहेरून अवघड, सात-आठ टप्प्यांचा फिल्टर लागत नाही. पण ‘काहीच लागत नाही’ हा अर्थही चुकीचा आहे, कारण डिजिटल फिल्टरला ३.०७२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा कचरा ओळखताच येत नाही. तो मोजणीतच खाली दुमडून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येतो. त्याला मोजणीच्या आधी अडवणं हे ॲनालॉग फिल्टरचंच काम.

चिपच्या आत एक छोटा ॲनालॉग फिल्टर आहे, कटऑफ १.३ मेगाहर्ट्झ. तो ३ मेगाहर्ट्झला जेमतेम ८ डेसिबल अडवतो. एवढ्यावर विसंबून राहायला ती फ्रिक्वेन्सी तुमच्या सर्किटमध्ये नसायला हवी, आणि आजच्या घरात ती नसते असं नाही: मोबाइल चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, बोर्डावरचा स्टेप-डाउन कन्व्हर्टर, सगळे शेकडो किलोहर्ट्झवर चालतात आणि त्यांचे पाचवे-सातवे हार्मोनिक मेगाहर्ट्झमध्ये पोचतात.

इथे वरचे दोन १० किलोओम पुन्हा कामाला येतात. खालच्या १० किलोओमला समांतर ४७० पिकोफॅरड लावा. ४.६ किलोओमबरोबर त्याचा कटऑफ ७३ किलोहर्ट्झ. २० किलोहर्ट्झला नुकसान ०.३ डेसिबल, कानाला न कळणारं. ३.०७२ मेगाहर्ट्झला अडवणूक ३२ डेसिबल, आतल्या ८ सकट ४०. एवढ्या पैशांत यापेक्षा मोठी सुधारणा या बोर्डावर दुसरी नाही. २० किलोहर्ट्झपर्यंत रेषा अगदी सपाट हवी असेल तर २२० पिकोफॅरड लावा: कटऑफ १५७ किलोहर्ट्झ, नुकसान ०.०७ डेसिबल, अडवणूक २६ डेसिबल. कपॅसिटर सीझीरोजी किंवा एनपीओ प्रकारचाच मागा. दुकानदार ‘४७१’ लिहिलेलं काहीही सिरॅमिक देतो, तेव्हा प्रकार आवर्जून सांगा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारून घेतलेले असे दहा-वीस कपॅसिटर खूप दिवस पुरतात.

तो लावायचा कुठे हेही महत्त्वाचं. चिपच्या शक्य तितक्या जवळ, आणि त्याचं ग्राउंड टोक चिपच्या ॲनालॉग ग्राउंडला. आरसीए सॉकेटपाशी लावला आणि तिथून बोर्डापर्यंत दहा सेंटिमीटर वायर गेली, तर ती वायर अँटेनाचं काम करते आणि फिल्टरच्या पुढेच कचरा गोळा होतो.

पॅड नको असेल, कारण स्रोत अर्ध्या व्होल्टचाच आहे, तर वाटेत १ किलोओम आणि ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड. कटऑफ जवळजवळ तोच, ७३ किलोहर्ट्झ. मात्र स्रोताचा आउटपुट इम्पीडन्स त्या १ किलोओममध्ये मिळवायला हवा. जुन्या डेकचा तो दोन-तीन किलोओम असू शकतो, मग कटऑफ २० ते २५ किलोहर्ट्झवर घसरतो आणि तार स्वर मंदावतात. अशा डेकला २.२ नॅनोच्या जागी ४७० पिको.

फिल्टर खरंच काम करतोय का हे बघायची सोपी चाचणी आहे. फंक्शन जनरेटर ३.०७३ मेगाहर्ट्झवर लावा, म्हणजे आतल्या मोजणीपेक्षा १ किलोहर्ट्झ वर, आणि शंभर मिलिव्होल्ट इनपुटला द्या. रेकॉर्डिंगमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास स्वर दिसेल. तो कुणी वाजवलेला नाही, तो दुमडून आलेला आहे. जनरेटर किंचित फिरवला की स्वरही सरकतो, यावरून खात्री पटते. आता ४७० पिकोफॅरडचा पाय टेकवा: तोच स्वर तीसेक डेसिबल खाली जातो. ज्यांना या दुमडण्याचा ‘एलियासिंग’ हा शब्द पुस्तकातला वाटतो त्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं.

आता चिपच्या डिजिटल फिल्टरबद्दल, कारण हिची खरी मर्यादा तिथे आहे. पासबँड, म्हणजे आत सोडायचा पट्टा, ०.४५४ पट सॅम्पल रेटपर्यंत; स्टॉपबँड, म्हणजे अडवायचा पट्टा, ०.५८३ पटीपासून, आणि स्टॉपबँडमधली अडवणूक फक्त ६५ डेसिबल. महागड्या एडीसीत हीच अडवणूक शंभराच्या आसपास किंवा वर असते. ४८ किलोहर्ट्झला स्टॉपबँड २८ पासून सुरू होतो आणि २८ दुमडून २० वर येतो, म्हणजे २० च्या खाली निदान ६५ डेसिबलचं संरक्षण आहे. ४४.१ किलोहर्ट्झला स्टॉपबँड २५.७ पासून, तो दुमडतो १८.४ वर. म्हणजे १८.४ च्या वरचा भाग गढूळ होऊ शकतो. तेव्हा या चिपवर ४४.१ ने रेकॉर्ड करू नका, अंतिम फाइल ४४.१ ची हवी असली तरीही.

सगळ्यात चांगला मार्ग ९६ किलोहर्ट्झचा. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात दुमडणारा भाग मग २८ ते ६८ किलोहर्ट्झऐवजी ७६ ते ११६ किलोहर्ट्झमधला असतो. तिथे संगीतात जवळजवळ काही नसतं, आणि असलं तरी आपला ७३ किलोहर्ट्झचा फिल्टर त्याला थोडं दाबतो. मग संगणकावर सॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने ४८ किंवा ४४.१ वर उतरवा. सॉफ्टवेअरचा फिल्टर चिपमधल्या फिल्टरपेक्षा कितीतरी तीव्र असतो. फाइल तात्पुरती दुप्पट मोठी होते, एवढीच किंमत.

थेट ऐकवायच्या कामात, म्हणजे गाणाऱ्याला त्याचाच आवाज हेडफोनमध्ये द्यायचा असेल तर, चिपचा फिल्टर १७.४ सॅम्पलचा उशीर करतो. ४८ किलोहर्ट्झला ०.३६ मिलिसेकंद. काहीच नाही. उशीर जाणवला तर तो सॉफ्टवेअरच्या बफरचा.

५ व्होल्ट कुठून घेता?

फुल स्केल व्हीसीसीला बांधलेला आहे याचा अर्थ व्हीसीसी हेच मोजण्याचं माप आहे. माप हललं तर मोजलेलंही हलणार. यूएसबीचे ५ व्होल्ट लांब केबलवर ४.६ पर्यंत उतरतात. मग फुल स्केल २.७६ व्होल्ट, म्हणजे ०.९८ व्होल्ट आरएमएस होतो. सकाळी न फाटणारा १ व्होल्टचा सिग्नल संध्याकाळी दुसऱ्या केबलवर फाटतो, आणि दोष कपॅसिटरला दिला जातो. उलट, चांगल्या ५.०० व्होल्टवर १ व्होल्ट आरएमएसचा स्वर उणे ०.५ डेसिबल दाखवतो. बोर्ड तपासायची ही सर्वांत सोपी खूण आहे.

चांगला उपाय म्हणजे ७ ते ९ व्होल्टवरून कमी नॉइजच्या एलडीओ रेग्युलेटरने ५ व्होल्ट बनवणं. यूएसबीवरच भागवायचं असेल तर व्हीसीसीच्या वाटेत १० ओम आणि पुढे १०० मायक्रोफॅरड. चिप व्हीसीसीतून ८.६ मिलिअँपिअर घेते, म्हणजे फक्त ०.०९ व्होल्ट पडतात. पण हा फिल्टर १५९ हर्ट्झपासून काम करतो: १ किलोहर्ट्झला १६ डेसिबल, ८ किलोहर्ट्झला ३४. हे दोन आकडे उगाच घेतलेले नाहीत. यूएसबी फुल स्पीडची फ्रेम दर १ मिलिसेकंदाला येते आणि हाय स्पीडची दर १२५ मायक्रोसेकंदाला. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये १ किंवा ८ किलोहर्ट्झची शिट्टी आणि तिचे हार्मोनिक दिसले, तर चोर यूएसबीचा पुरवठा आहे.

व्हीरेफ, म्हणजे आतल्या संदर्भ व्होल्टेजच्या, पायाला १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड दोन्ही लागतात. स्वस्त बोर्डावर एकच बसवलेला असेल तर दुसरा वरून सोल्डर करा, एका मिनिटाचं काम आहे.

बाकीचे आवाजही फ्रिक्वेन्सीवरून ओळखता येतात. ५० हर्ट्झची घूं असेल तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं ग्राउंड) किंवा उघडी केबल. लॅपटॉपचा तीन पिनचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, गेली तर लूपच. तेव्हा १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकावा. चार्जरची अर्थ पिन तोडू नये, त्यात जिवाला धोका आहे. १०० हर्ट्झ असेल तर रेक्टिफायरचा रिपल. २१७ हर्ट्झची गुर्रगुर्र म्हणजे जवळ टूजीवर बोलणारा मोबाइल.

क्लॉक, थोडक्यात

क्लॉकच्या चुका लगेच समोर येतात, आवाज एक तर येत नाही किंवा भयानक येतो, म्हणून इथे फार रेंगाळायला नको. चिपला मास्टर क्लॉक हवाच, सॅम्पल रेटच्या २५६, ३८४ किंवा ५१२ पट, आणि एलआरसीके या डावा-उजवा चॅनल दाखवणाऱ्या क्लॉकशी एकाच मुळातून निघालेला. दोन वेगळ्या ऑसिलेटरवरून दिला तर चिप ताळमेळ सुटल्याचं ओळखते आणि आउटपुट शून्य करते. मधूनच क्षणभर शांतता, मग पुन्हा आवाज, असं होत असेल तर हेच कारण.

एमडी० आणि एमडी१ हे दोन्ही पाय खाली, म्हणजे ग्राउंडला: स्लेव्ह, एलआरसीके बाहेरून घेणारी. फक्त एमडी० वर, म्हणजे ३.३ व्होल्टला: मास्टर, एलआरसीके स्वतः बनवणारी, ५१२ पट. फक्त एमडी१ वर: मास्टर ३८४ पट. दोन्ही वर: मास्टर २५६ पट. हे पाय वीज देण्याआधीच पक्के करा. एफएमटी पाय खाली असला की डेटाचा फॉरमॅट आयटूएस, वर असला की लेफ्ट जस्टिफाइड. फॉरमॅट चुकला तर हळू आवाज दुप्पट मोठा येऊ शकतो आणि मोठा आवाज उलटून किंचाळतो. हे क्लिपिंगसारखं वाटतं, पण लेव्हल कमी करून जात नाही, फक्त लपतं.

रास्पबेरी पायच्या आयटूएसला मास्टर क्लॉकची पिन नाही, तिथे चिपलाच मास्टर करा. २४.५७६ मेगाहर्ट्झचा एक ऑसिलेटर लावला की एमडी० कायम वर ठेवून फक्त एमडी१ ने काम होतं: खाली ठेवला तर ४८ किलोहर्ट्झ, वर ठेवला तर ९६. मूळ ईएसपी३२ वर मास्टर क्लॉक फक्त जीपीआयओ ०, १ किंवा ३ वर निघतो. १ आणि ३ सीरियल पोर्टच्या असल्याने उरते ०, जी बूटचीही पिन आहे, तेव्हा तिला खाली ओढणारा रेझिस्टर लावू नका. एपीएलएल, म्हणजे ऑडिओसाठीचा खास क्लॉक बनवणारा भाग, चालू करा, नाहीतर १६० मेगाहर्ट्झला अपूर्णांकाने भागून क्लॉक बनतो आणि जिटर, म्हणजे क्लॉकची थरथर, वाढतो. स्लॉट ३२ बिटांचेच ठेवा. १६ बिटांचे ठेवले तर फ्रेममध्ये बीसीके या बिट क्लॉकचे ३२च ठोके होतात, आणि ते चिपला पुरत नाहीत. डेटा वरच्या २४ बिटांत येतो, ८ घरं उजवीकडे सरकवताना चिन्ह जपा. क्लॉकच्या वायरा पाच-सात सेंटिमीटरच्या आत, प्रत्येकीत ३३ ओम, आणि इनपुटच्या वायरांपासून दूर.

चालू केल्यावर आवाज यायला १८७ मिलिसेकंद लागतात, आणि तो हळू चढत येतो. सुरुवातीची शांतता पाहून कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

लाइन लेव्हलचा, एकेरी ग्राउंडचा स्रोत असेल तर हे बोर्ड निःशंक घ्या. वरचे पॅड, ४७० पिको आणि व्हीसीसीचा फिल्टर लावला की चिपच्या कागदावरच्या आकड्यांच्या जवळ पोचता येतं, आणि एवढ्या पैशांत हे थोडं नाही.

गिटार थेट लावू नका. पिकअपला निदान १ मेगओमचा इनपुट लागतो, इथे ६० किलोओम आहे, तारेचा टणत्कार मरतो. मध्ये टीएल०७२ चा बफर द्या. रेकॉर्ड प्लेयरलाही आरआयएए (फोनो) प्रीॲम्प आधी हवा. कार्ट्रिजचे पाच मिलिव्होल्ट ३ व्होल्टच्या मापात घातले तर ९९ डेसिबलमधले ४६ वाया जातात.

मोठ्या मिक्सरचा बॅलन्स्ड आउटपुट असेल तर ही चिप चुकीची निवड आहे. अशा मिक्सरचं शिखर दहा-बारा व्होल्ट आरएमएसपर्यंत जाऊ शकतं, आणि दोन वायरांमधला समान कचरा काढून टाकायची सोय इथे नाही. इनपुटला आयएनए१३७ सारखा रिसीव्हर आणि पुढे मोठा पॅड लावून भागतं, पण तेवढ्या खटपटीत टीआयचीच पीसीएम १८६३ जास्त शहाणपणाची. एकाच ३.३ व्होल्टवर चालते, ११० डेसिबल देते, एकेरी इनपुटला २.१ आणि डिफरन्शियलला ४.२ व्होल्ट आरएमएस घेते, म्हणजे सीडी प्लेयर पॅडशिवाय बसतो. गेन उणे १२ ते अधिक ३२ डेसिबल, आयटूसीवरून. तिच्या डिफरन्शियल इनपुटचा क्रमांक मात्र नीट बघून जोडा: डाव्या चॅनलच्या जोड्या १ आणि ४, उजव्याच्या २ आणि ३. आणि डावा चॅनल निवडणाऱ्या ०६ या रजिस्टरमध्ये प्रत्येक इनपुटला वेगळा बिट आहे. दोन बिट एकत्र चालू राहिले तर दोन स्रोत मिसळून येतात, आणि माणूस क्रॉसटॉक शोधत बसतो.